हात लागलेली फळं

फळांना हात लावायचा नाही, हे भिवाजीला पेरू हातात घेतल्यावर कळलं.

तोवर सगळं झकास चाललं होतं. भिवाजी कळमनुरीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होता. साखऱ्याच्या बौद्धवाड्यातलं पोरगं औरंगाबादेला जाऊन चित्रकला शिकून आलं, याचं वाड्याला भारी कौतुक. पण शिकून करायचं काय, तर मुलांकडून पानाफुलांची नक्षी घोटून घ्यायची आणि सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. ऑइल रंगाच्या नळीचं झाकण काढलं की जवसाच्या तेलाचा जो वास येतो, तो कॉलेज सुटल्यापासून त्याच्या नाकात गेला नव्हता. आणि अशा माणसाला गोरेगावच्या अमृतराव देशमुखांनी निरोप धाडला.

अमृतरावांनी नवा बंगला बांधला होता. दुष्काळात सगळं गाव रेशनचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, खाऊन दिवस काढत होतं, त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती, आणि ह्यांना जेवणाच्या खोलीत फळं टांगायची हौस आली होती. मुंबईत कुठल्याशा बड्या घरी त्यांनी तसलं चित्र पाहिलं होतं. नळ्या, ब्रश, कॅनव्हास, सगळं त्यांनी आधीच मागवून ठेवलं होतं.

"असं चित्र काढा मास्तर, की पाहुण्याच्या तोंडाला पानी सुटलं पाह्यजे," अमृतराव म्हणाले. "दिवाळी झाल्यावर परभणीचे साहेब आपल्याकडं जेवायला येऊन राहिले. मुंबईला त्यांची वळख हाय. त्यांना पसंत पडलं की चित्र तिकडच्या प्रदर्शनात पाठवू. खाली बराबर तुमचं नाव. मंग वापस आलं की हितं भिंतीवर."

त्या 'खाली तुमचं नाव'वर भिवाजी गार झाला. दिवाळीच्या सुट्टीत तो गोरेगावला बहिणीकडे, चतुराबाईकडे, येऊन राहिला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बंगल्यावर हजर झाला.

मागच्या अंगाची एक खोली त्याला दिली होती. त्याने एक खिडकी उघडी ठेवून बाकीच्या लावून घेतल्या. उजेड एकाच बाजूने आला तर फळाला गोलाई येते, नाहीतर सफरचंद पोळीसारखं चपटं दिसतं. टेबलावर हिरवं जाजम चुरगळून टाकलं, वर पितळी परात ठेवली. नांदेडहून आलेली सफरचंदं, संत्री, डाळिंबं, शिवाय घरच्या मळ्यातले पेरू आणि डोंगरातली सीताफळं टोपलीत होती. भिवाजीने बाह्या सारल्या आणि एक पेरू उचलला.

"अगं बाई! मास्तर, हात नका लावू!"

दारात पद्माबाई उभ्या होत्या, अमृतरावांच्या मंडळी. त्या रागावल्या नव्हत्या. तापल्या तव्याला हात लावू नको म्हणून लेकराला सांगावं, तशा काळजीने म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

"कुठं काय ठिवायचं ते तुमी सांगा. आमची शालूबाई ठिवल. घरात खाणारी मान्सं हायेत, म्हणून म्हणते."

शालूबाई म्हणजे त्यांच्या नात्यातली एक विधवा बाई, घरकामाला ठेवलेली. ती पुढे आली, भिवाजीने खाली ठेवलेला पेरू तिने फडक्यात धरला आणि मागच्या दाराने जाऊन गाईच्या पुढ्यात टाकला. गाईला तो चालला. भिवाजीला निघून जावं असं फार वाटलं. पण समोर पांढराशुभ्र कॅनव्हास होता, आणि त्या पांढऱ्या रंगापुढे त्याची मान खाली गेली. गेली ती गेली, खोटं कशाला बोला?

मग तमाशा सुरू झाला. भिवाजी सहा हात लांब उभा, आणि शालूबाई परातीपाशी.

"ते सफरचंद जरा डावीकडं घ्या. अहो, माझ्या डावीकडं."

"मंग माजी उजवी म्हना की."

"आता डाळिंब त्याच्या मागं. अर्धं दिसू द्या."

"अर्धं काहून? एवढं चांगलं डाळिंब हाय, दिसू द्या की समदं."

त्या बाईने जन्मात फळं मांडली होती ती सत्यनारायणापुढे. भिवाजीने वळून रंग काढले तेवढ्यात तिने पाच ढीग सारखे लावले, मधे नारळ ठेवला, खाली विड्याची पानं सरकवली. सफरचंदांना गोडं तेल चोळून चकाकी आणली होती. तिचा जीव त्यात होता हे भिवाजीला दिसत होतं, आणि तरी तिच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. चित्र आधी परातीत होतं, मग कॅनव्हासवर, असं त्याचे गुरुजी सांगायचे. कुठलं फळ कुणाला टेकतं, कुणाची सावली कुणाच्या अंगावर पडते, यातच निम्मं काम असतं. ते निम्मं काम दुसऱ्याच्या हाताने, तोंडी हुकूम देऊन करायचं! दुपारपर्यंत कशीबशी मांडणी जमली. संध्याकाळपर्यंत त्याने कोळशाने रेखाटन केलं आणि गेला.

सकाळी येऊन बघतो तर सीताफळ गायब.

"रात्री पिकलं होतं," पद्माबाई म्हणाल्या. "वाया काहून घालवायचं? दुसरं ठिवते ना शालूबाई."

दुसरं ठेवलं, ते कच्चं आणि बारकं. तिसऱ्या दिवशी दोन संत्री गेली. अमृतरावांना रात्री फळ खायची सवय. चौथ्या दिवशी पेरू गेले आणि त्यांच्या जागी केळी आली. "फळं फळंच की मास्तर," अमृतराव ढेकर देत म्हणाले. भिवाजी रोज पुसायचा आणि रोज नव्याने काढायचा. कॅनव्हासवर चिखल झाला होता. सुट्टी संपत चालली होती, आणि मुंबईचं प्रदर्शन ह्यांच्या पोटात चाललं होतं.

त्या दिवशी शालूबाई पाणी आणायला गेली आणि खोलीत कुणी नव्हतं. भिवाजी टेबलापाशी गेला. त्याने केळी काढून खिडकीत ठेवली, टोपलीतली चांगली फळं निवडली आणि स्वतःच्या हाताने मांडली. सफरचंद खिडकीकडे वळवलं. त्याच्या मागे डाळिंब, अर्धं झाकलेलं. सीताफळ जरा कललेलं. बोटांना फळांचा थंडपणा लागला तेव्हा त्याला कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. शालूबाई दारात आली आणि तिथेच थिजली.

"शालूबाई, बाईंना सांगा. समद्या फळांना माझा हात लागला. एक बी सोडलं न्हाई."

पद्माबाई येऊन बघून गेल्या. नवी टोपली आणवली आणि ती स्वयंपाकघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी आला तेव्हा परातीतलं एकही फळ तसूभर हललं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. खोलीत झाडायलासुद्धा कुणी आलं नाही. चित्रकाराला हवी असते तशी शांतता आणि हवं तसं राखलेलं टेबल त्याला मिळालं.

चतुराबाईला त्याने हे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "बरी जिरवली भावा!"

भिवाजीला हसू आलं नाही. ताटातला घास तसाच राहिला. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या अंगावर थुंकायचं, तीच वापरून त्याने आपली फळं राखली होती. आपल्याच हाताचं त्याने कुलूप केलं होतं, आणि वाईट म्हणजे ते कुलूप उत्तम चालत होतं. त्याला अमृतरावांची किळस आली होतीच, आता स्वतःचीही आली.

पण चित्र? चित्र असं उतरलं की बास. डाळिंबाच्या सालीवरचा तांबूस डाग, जाजमावर पडलेली निळसर सावली, सगळं हाताखाली आपोआप येत गेलं. इकडे परातीत सीताफळं फुटली, काळी पडली, त्यांचा रस पितळेवर चिकटला. संत्र्यांना पांढरी बुरशी धरली. चिलटांचे थवे उठू लागले आणि वास थेट ओसरीपर्यंत गेला. तरी त्या घरातलं कुणी ती परात उचलेना. नाकाला पदर लावून लांबून जायचे. भिवाजी त्या घाणीपुढे बसून ताजी फळं रंगवत होता.

साहेब यायच्या दिवशी पद्माबाईंनी निरोप धाडला: मागच्या दाराने या आणि ती घाण उचला, परातही घेऊन जा. चित्र अमृतरावांनी आदल्या दिवशीच भिंतीवर चढवलं होतं. भिवाजीने परात उचलली. सगळं सडून गेलं होतं, फक्त डाळिंब शाबूत होतं. साल जरा आकसली होती, इतकंच. परात मागच्या दारात टेकवून ते त्याने हातात घेतलं, तेवढ्यात आतून हाक आली.

"मास्तर, इकडं या! साहेब बलावून राहिले."

जेवणाच्या खोलीत साहेब खुर्चीवर बसून चित्राकडे बघत होते. अमृतराव शेजारी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या धोतरात. ताटं अजून यायची होती.

"हे आमचे भिवाजी मास्तर," अमृतराव म्हणाले. "साखऱ्याचे. बौद्ध समाजाचे हायेत. आपल्या घरात साहेब, शिवाशीव न्हाई. बघा, जेवायच्या खोलीत ह्यांच्या हातचं चित्र लावलं."

"वा, अमृतराव!" साहेब म्हणाले. "असे लोक पाहिजेत. आणि चित्र तर काय, अप्रतिम. हे मुंबईला गेलंच पाहिजे."

गेलंच पाहिजे. भिवाजीने एवढ्यावर हात जोडले असते आणि बाहेर पडला असता, तर चित्र मुंबईला पोहोचलं असतं. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. पण नाकात अजून त्या परातीचा वास होता. त्याने डाळिंब दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडलं. आत दाणे लालभडक, टपोरे. मूठभर मोकळे करून त्याने हात पुढे केला.

"चित्रातलंच हाय अमृतराव. घ्या."

अमृतरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कौतुकाने हसत होते. नाही म्हणायला जागा नव्हती. अमृतरावांनी तळहात पुढे केला, भिवाजीने दाणे वरून सोडले, आणि मूठ मिटली.

"खा ना," साहेब म्हणाले.

"जेवल्यावर खातो की."

"जेवायच्या आधीच बरं असतं," भिवाजी म्हणाला. "खा. मी थांबलो."

अमृतरावांची मूठ मांडीवर होती. ती वरही जाईना आणि उघडेनाही. बोटांमधून लाल रस निघाला आणि पांढऱ्या धोतरावर टपकला. एक डाग, मग दुसरा. साहेबांचं हसू हळूहळू आवरलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. दारात पद्माबाई ताट घेऊन आल्या होत्या, त्या तशाच माघारी गेल्या.

"मास्तर," अमृतराव शेवटी म्हणाले, अगदी हळू, "ते तुमचं चित्र काढा भिंतीवरून आन घिऊन जा."

भिवाजीने डाळिंबाचं अर्धुक खिशात टाकलं, खुर्चीवर चढून चित्र उतरवलं आणि ओला रंग अंगाला लागणार नाही असं धरून पुढच्या दाराने बाहेर पडला. मुंबई गेली होती. सेनगावच्या जीपची वाट बघत तो रस्त्याकडेला उभा राहिला, चित्र झाडाला टेकवलं आणि खिशातलं डाळिंब काढून खाल्लं. ते इतकं गोड निघालं की त्याला रडूच आलं, आणि मग असा संताप आला की साल त्याने बंगल्याच्या दिशेने भिरकावून दिली.