उत्तमची सरळ रेषा

डोंबिवलीच्या ग्राहक सोसायटीत उत्तम आकड्यांचा कारकून होता, आणि कॉलेजात शिकलेल्या लॉगरिदमचा त्याला भारी अभिमान. सोसायटीच्या वह्या दिवाळीच्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या. त्यातली सहा वर्षांची तांदळाची विक्री त्याने लॉगमध्ये घेतली, तशी वेडीवाकडी चढण सुतासारखी सरळ झाली. फक्त दोन वर्षं वर उसळलेली होती. लोकांनी साठेबाजी केली असेल, असं म्हणून त्याने ती दाबून रेषेवर बसवली, रेघ पुढे ओढली आणि पंचावन्न सालचा अंदाज दिला. शहाण्याला कोण सांगणार?

श्रावण सरत आला तेव्हा टिटवाळ्याहून सासूबाईंचा, विमलाबाईंचा, निरोप आला. बायकोने, नंदाने, तो सांगितला: यंदा भाद्रपद अधिक आहे, धोंड्याच्या महिन्याचं वाण घ्यायला जावईबापूंनी यायचं, तेहतीस अनारसे होतायत.

उत्तम बोटांवर महिने मोजू लागला. म्हणजे हे वर्ष तेरा महिन्यांचं. त्याने जुनी पंचांगं काढली. उसळलेली ती दोन्ही वर्षंही तेराच महिन्यांची निघाली. साठेबाजी कुणी केलीच नव्हती. लोक एक महिना जास्त जेवले होते.

त्याच्या बारा महिन्यांच्या अंदाजावर राखलेलं गोदाम आता दिवाळीच्या महिनाभर आधीच रिकामं होणार होतं, आणि नवा तांदूळ दिवाळीनंतरच. दोन दिवस तो वह्या पुन्हा पुन्हा तपासत राहिला. सांगावं तर नोकरी जाईल, न सांगावं तर दोनशे घरांच्या चुली. तिसऱ्या दिवशी तो अध्यक्षांपुढे, भाऊंपुढे, उभा राहिला आणि सगळं बोलून गेला. भाऊ रागावले नाहीत, तेच वाईट. तुझ्या आकड्यावर विसंबून गेल्या आठवड्यात जास्तीची पोती कल्याणच्या सोसायटीला दिली, ती आता परत येत नाहीत, एवढंच म्हणाले. मग प्रत्येक घराच्या वाट्यातला तिसरा हिस्सा कापायचं ठरलं. खिडकीवर बसून वाटप करायचं काम त्यांनी उत्तमलाच दिलं.

रांगेत पहिल्या होत्या शेजारच्या गोदाकाकू. घरात सहा माणसं, त्यात सून बाळंतीण. त्यांनी मापाकडे पाहिलं, आणि मागे कुरकुरणाऱ्या बाईलाच दटावलं.

"गप गं. उत्तमने हिशोब करून काढलंय. तो कमी देतोय म्हणजे तांदूळच कमी आला असणार."

हे मात्र उत्तमला सोसवेना. "काकू, तांदूळ होता," तो म्हणाला. "माझंच गणित चुकलं."

गोदाकाकूंनी पिशवीचं तोंड आवळलं. त्या ओरडल्या नाहीत.

"मग सुनेच्या पानात काय वाढू, तेवढं सांग."