स्वस्तातला संघ

बेसबॉल सामन्याच्या पाचव्या डावात प्रशिक्षकाने ऑर्विल पेटिटला मैदानातून आत बोलावलं, तेव्हा त्याला ना दुखापत झाली होती, ना त्याच्याकडून काही चूक झाली होती. बाकापाशी एकेक जण उठून त्याला मिठी मारू लागला आणि भर दुपारी अख्खं स्टेडियम उठून बघू लागलं. चालू सामन्यात अशा मिठ्या पडू लागल्या की समजून घ्यायचं, गडी दुसऱ्या संघाला विकला गेला.

विकला होता डेल हॅव्हर्टीने. संघ बांधणं हे त्याचं काम. कोणाला घ्यायचं, कोणाला द्यायचं, सगळं तोच ठरवायचा. ओहायोतल्या त्या बंद कारखान्यांच्या गावात पैसा तो कुठला! श्रीमंत संघ एका गड्यावर जेवढं उधळतात तेवढ्यात डेल अर्धा संघ उभा करायचा, आणि वर जिंकायचा. लोकांनी टाकून दिलेले गडी तो उचलायचा. पेटिट त्यातलाच. सगळ्यांनी हाकलल्यावर तो टल्सा शहरात पावाची गाडी चालवत होता. पळायला जड, पण वाईट चेंडूला बॅट लावायची नाही ही अक्कल त्याच्याकडे होती. असे चार चेंडू सोडले की बेसबॉलमध्ये गडी न मारताच पहिल्या बेसवर जातो. फुकटची कमाई, पण ती फक्त डेलला दिसली. आज संघ सगळ्यांच्या पुढे होता तो बराचसा पेटिटच्या जिवावर.

पण चांगला झालेला गडी महाग होतो, हीच तर खरी गोम. संघाच्या मालकीणबाई मिसेस टॉलबर्ट यांनी सकाळीच गोड आवाजात सांगून टाकलं होतं, की पुढच्या वर्षी गड्यांच्या पगाराला एक डॉलरही जास्त मिळणार नाही, आणि डेल काहीतरी करेलच, नेहमी करतोच की. गड्यांच्या अदलाबदलीची मुदत उद्या संपत होती. डेलने पेटिट दिला आणि चेंडू टाकणारे तीन कोवळे, स्वस्त पिचर घेतले. सौदा झकास होता.

पण वसंतात त्यानेच पेटिटला इथे घर घ्यायला लावलं होतं. मी आहे तोवर तू इथंच, असा शब्द दिला होता. तेव्हा तो मनापासून बोलला होता, हे आता कोणाला सांगणार?

तो जिना उतरून खाली गेला. पेटिट खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळातल्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"मी स्वतः सांगणार होतो तुला," डेल म्हणाला. "त्याआधीच प्रशिक्षकाने तुला बाहेर काढलं."

"पोरीला शाळेत मैत्रीण मिळालीय," पेटिट म्हणाला. "पहिल्यांदाच."

डेलने त्याला नव्या संघातल्या मोठ्या पगाराचं सांगितलं. पेटिटने मान हलवली, तुमचे उपकार आहेत म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं डेलला वाटलं.

"एक विचारू?" पेटिट म्हणाला. "दरवर्षी जिंकता तुम्ही. पण ज्यांच्या जिवावर जिंकलात, त्यातलं कोण राहिलंय इथं?"

"क्रेन आहे ना," डेल म्हणाला. हर्शेल क्रेन, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा म्हातारा कॅचर. दुसरं नाव त्याला सुचेना.

"हो, क्रेन आहे," म्हणत पेटिट उठला. हात मिळवून गेला.

सामना त्यांनी जिंकलाच. पेटिटशिवायही. खेळाडूंच्या खोलीतून गाण्याचा आणि आरड्याओरड्याचा आवाज येत होता. डेलला वाटलं, घरी जाऊन भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा पोरांची पाठ थोपटावी. आपणच तर जमवलीत ही माणसं. त्याने दार ढकललं.

कोणीतरी गाणं बंद केलं. सगळे खाली बघू लागले. कोपऱ्यात क्रेन गुडघ्यांवर बर्फ ठेवून बसला होता. डेल हसून त्याच्याकडे गेला. क्रेनने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली आणि धडपडत उभा राहिला.

"कुठल्या संघात जायचंय मला?" त्याने हळूच विचारलं.

उत्तराची वाट न बघता क्रेन वळून हातमोजे सामानाच्या पिशवीत भरू लागला.