पांढरं पडलेलं चॉकलेट

आपल्या दुकानात तारीख उलटून गेलेली गोळ्यांची पट्टी सापडणं, ही त्या औषध दुकानदाराच्या लेखी चोरीइतकी लाजिरवाणी गोष्ट होती. एकवीस वर्षं तो दुकान चालवत होता. दर सोमवारी कपाटं उपसायचा, एकेक खोकं उजेडात धरून तारीख वाचायचा. डोळे मिटून औषध घ्यावं तर इथूनच, असं गल्लीतले लोक म्हणत. अशा माणसाच्या हातून हे घडलं, म्हणून तर सांगायचं.

उन्हाळ्यात एका कंपनीच्या प्रतिनिधीने त्याला चॉकलेटचा मोठा डबा भेट दिला होता. डबा आठवडाभर गाडीच्या मागच्या सीटवर तापत राहिला, मग घरातल्या कपाटावर जाऊन पडला. दोन महिन्यांनी बायकोने तो उघडला आणि नाक मुरडलं. तपकिरी वड्यांवर राख भुरभुरावी तसा पांढुरका थर आला होता.

"बुरशी आलीय यावर. टाकून द्या," ती म्हणाली.

त्याने एक वडी उचलून वास घेतला आणि परत ठेवली. जिभेला लावायचा धीर काही झाला नाही. पण एवढा भारी डबा कचऱ्यात टाकायचं त्याच्या जिवावर आलं.

"दुकानातल्या मावशींना देतो. त्यांची नात खूश होईल."

"अहो, पण खराब असलं तर?"

"त्यांना सवय असते. त्यांच्या पोटाला काही होत नाही."

बायको गप्प बसली. त्याच संध्याकाळी डबा मावशींच्या हातात गेला.

मावशी म्हणजे दुकान झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, आलेली खोकी फळीवर लावणाऱ्या बाई. सहा वर्षांत त्यांनी न सांगता एकही खाडा केला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा वाजले, तरी मावशींचा पत्ता नव्हता. फोन लावला तर कुणी उचलेना. आज उशीर झाला असेल, असं म्हणत त्याने स्वतःच केर काढला.

अकराच्या सुमाराला एक बाई घाईघाईने आल्या. मुलाला सकाळपासून उलट्या होत होत्या. त्यांनी जलसंजीवनीची चार पाकिटं मागितली. पाकिटं देता देता दुकानदाराने सहज विचारलं, राहता कुठे? बाईंनी मावशींच्याच चाळीचं नाव घेतलं.

त्या पोराने काय खाल्लं होतं, हे विचारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर नको होतं त्याला. मोबाइलवर शोधायलाही हात धजेना. गिऱ्हाइकं येत होती, तो औषधं देत होता, पण डोळ्यांपुढे ती पांढुरकी वडी आणि मावशींची सहा वर्षांची नात. एका म्हाताऱ्याला त्याने भलत्याच गोळ्या काढून दिल्या. म्हाताऱ्यानेच पट्टी वाचली म्हणून निभावलं. त्यानंतर मात्र त्याने शटर ओढलं. भर दुपारी दुकान बंद होण्याची ती पहिलीच वेळ!

चाळीत मावशींच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने सांगितलं, "नातीला दवाखान्यात नेलंय. रात्रभर कळवळत होती हो पोरगी. उजाडायच्या आत निघाल्या."

पुढचं काही त्याला ऐकू आलं नाही. सरकारी रुग्णालय तिथून पंधरा मिनिटांवर होतं. तो धावत गेला की चालत, हे त्याला नंतरही आठवलं नाही. मुलांच्या विभागाबाहेरच्या बाकावर मावशी बसल्या होत्या.

"मावशी, मुलगी कशी आहे?"

"बरी आहे आता. संध्याकाळी जिन्यावरून पडली. सूज वाटली म्हणून शेकत बसलो, तर हाड मोडलेलं. प्लास्टर घालताहेत आत. घाईत फोन घरीच राहिला दादा, कळवायचं राहून गेलं."

तो बाकावर मटकन बसला. सुटलो, असं वाटलं. आणि त्या वाटण्याचीच त्याला दुसऱ्या क्षणी शरम वाटली. पोरीचं हाड मोडलंय आणि आपण सुटकेचा श्वास सोडतोय! मग त्याला गप्प बसवेना. डबा खराब आहे असं वाटत असतानाही आपण तो दिला, हे त्याने मान खाली घालून सांगून टाकलं.

मावशी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते खराब नव्हतं दादा. तुमच्याकडे यायच्या आधी नऊ वर्षं मी चॉकलेटच्या कारखान्यात होते, वड्या कागदात गुंडाळायला. उन्हात वितळलं आणि परत घट्ट झालं की आतली चरबी वर येते, तिचा तो पांढरा थर. दमट जागेत साखरही वर येते. चव जराशी फिकी लागते, भरभरीत लागतं, पण बाधत नाही. बुरशी वेगळी, तिला लव असते, कुबट वास येतो. तसं असलं किंवा तारीख उलटलेली असली तर फेकायचं. मी तारीख बघितली, बोटाने पुसून पाहिलं, आधी स्वतः खाल्लं, मगच पोरीला दिलं. चाळीत अजून कुणाला वाटलेलं नाही."

"म्हणजे काही बिघडलं नाही तर," तो पुटपुटला.

मावशींनी त्याच्याकडे सरळ बघितलं. "चॉकलेट चांगलं होतं, हे मला माहीत होतं. तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्हाला ते विष वाटत होतं आणि तरी दिलंत. चॉकलेटचं कोडं आज सुटलं, दादा. पण काल देताना तुमच्या मनात जे होतं, ते आज बदलत नाही."

एकवीस वर्षं परक्या माणसांच्या पोटात काही वावगं जाऊ नये म्हणून जपणारा तो, आणि रोज डोळ्यांसमोर राबणाऱ्या माणसाचं पोट त्याने वेगळं मानलं होतं!

"चुकलो मावशी," तो म्हणाला.

"चुकलात खरे," त्या म्हणाल्या. "आता पोरीला बघा आणि दुकान उघडा. लोक खोळंबले असतील."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कालच बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, म्हणजे माझाही हात लागला त्याला." कोपऱ्यात 'कुणालातरी देऊ' म्हणून बांधून ठेवलेलं एक गाठोडं होतं. दोघांनी ते सोडलं. विटका सदरा, तुटक्या चेनची पिशवी, कडेला टवका गेलेले कप. तिने निम्म्याहून जास्त वस्तू भंगाराकडे काढल्या. उरलेल्या धुतल्या, शिवल्या, आणि मगच देण्यासाठी बाजूला ठेवल्या.

वाचकहो, चॉकलेट पांढरं पडलं म्हणून घाबरू नका. तारीख बघा, वास घ्या, आणि लव दिसली तर खुशाल फेका. माहीत नसेल तर विचारा, त्याला एक मिनिट लागतं. पण जे आपल्या ताटात वाढायला आपला हात कचरतो, ते दुसऱ्याच्या ओंजळीत घालून त्याला दान म्हणू नका. गरिबाचं पोट वेगळ्या मातीचं नसतं. आणि कुणाचं काही बिघडलं नाही, एवढ्यावरून आपली चूक माफ होत नसते!