सोड म्हटलं की सोडायचं

पावसाळाभर मी पोरींच्या डोक्यात एकच गोष्ट भरत होते. समोरच्या संघाची उंच पोरगी आपल्या बुटक्या पोरीच्या वाट्याला आली, तर बुटकीनं तिला धरून बसायचं नाही. मागून आपली उंच पोरगी "सोड" म्हणून ओरडली की ती तिच्या हवाली करायची आणि आपण पळत जाऊन तिनं मोकळी सोडलेली पोरगी धरायची. बास्केटबॉलमध्ये याला स्विचिंग म्हणतात. यात लाजायचं काय आहे? पण हे कोल्हापूर आहे. इथं समोरच्याला सोडून बाजूला जाणं म्हणजे पाठ दाखवणं.

क्रांतीला मात्र ते छान जमायचं. संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ. बारावीचं वर्ष, म्हणजे शालेय स्पर्धेची ही शेवटची संधी. विभागीय अंतिम सामना जिंकला तरच राज्य स्पर्धा, नाहीतर खेळ संपला.

समोर सांगलीचा संघ होता. त्यांचा डाव मला पाठ होता. त्यांची उंच पोरगी मुद्दाम क्रांतीच्या वाटेत उभी राहायची, गोंधळ करायची आणि शेवटी क्रांतीच्याच अंगावर येऊन बास्केटखाली बॉल मागायची. पूर्वार्धात आमच्या उंच निशिगंधानं प्रत्येक वेळी "सोड" म्हणून हाक दिली, क्रांती कोपऱ्यातल्या मोकळ्या पोरीकडं पळाली आणि त्या उंच पोरीला काही सुचेना. आम्ही पुढं होतो.

मध्यंतरानंतर क्रांतीचे वडील आले. आकारामकाका गगनबावड्याकडचे, म्हशी राखणारे, तरुणपणी कुस्ती खेळलेले. तीन वर्षांत एकदाही खेळ बघायला आले नव्हते. क्रांतीनं त्यांना बघितलं आणि तिचं तोंड एवढं उजळलं की मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

निशिगंधाची हाक आली, क्रांती पळाली आणि काकांचा आवाज अख्ख्या मैदानावर घुमला. "क्रांते, पळतीस व्हय? धर की तिला!"

लोक हसले. पुढच्या वेळी क्रांती क्षणभर अडखळली, तेवढ्यात कोपऱ्यातून बॉल आत. मग तर दर वेळी तेच. मी टाइम आउट घेतला, तिला खडसावलं. तिनं मान हलवली. मी तरातरा काकांकडं गेले.

"काका, जरा गप बसा. ती पळत नाही, तिला तसंच शिकवलंय."

"मॅडम, पोरीला पळायला शिकवू नगा," ते शांतपणे म्हणाले. "समोर हाय तिला धरायची. एवढं सोपं हाय की."

एवढं सोपं हाय की! चार महिने मी काय गवत उपटत होते? तिला बाहेर बसवावं असंही मनात आलं, पण त्यांच्याकडून बॉल पुढं घेऊन येणाऱ्या चपळ पोरीला अडवणारं दुसरं कुणी माझ्याकडं नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढं. उंच पोरगी पुन्हा क्रांतीच्या अंगावर. निशिगंधा धावत आली, घसा फोडून ओरडली. क्रांती हलली नाही. एकाच पोरीला दोघी चिकटल्या आणि कोपऱ्यात निशिगंधाची पोरगी मोकळी. तिनं सावकाश नेम धरला. बॉल आत गेला आणि सामना संपल्याची शिट्टी झाली.

निशिगंधा खाली बसून रडायला लागली. मी दात-ओठ खात क्रांतीकडं गेले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हाक ऐकू आलती मला. पण आबा बघत होते."

तेवढ्यात काका आले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पोरीनं पाठ दावली न्हाय," ते मला म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. "लई ब्येस शिकवलंसा, मॅडम."

"काका, आपण हरलोय."

"व्हय, त्ये कळलं की. खेळात हुतंच तसं. म्हशी मी भावाकडं सोपवतो, आता मी बी येनार बघायला. राज्याला कवा जायचं?"