फरवानिया बंदर, चाळीस मिनिटं

मी भूमध्य समुद्राचा तज्ज्ञ आहे. माझ्या टेबलावरच्या पाटीवर तसं लिहिलंय, आणि पाटी गफूरभाईंनी स्वतः करून आणलीय, म्हणजे चूक असायचा प्रश्न नाही. गफूरभाई मूळचे दापोलीचे. कुवेतमधल्या फरवानियात त्यांची ट्रॅव्हल एजन्सी आहे आणि तिथे क्रूझचं टेबल माझ्याकडे आहे. स्वतः मी आजवर एकाच बोटीत बसलोय. ती एलिफंटाला जात होती, आणि येताना मला उलटी झाली. गफूरभाईंनी हा अनुभव ग्राह्य धरला.

क्रूझ म्हणजे काय, हे मी लोकांना एका दमात सांगतो. बार्सिलोनाहून बोट निघते, रोज सकाळी एका बंदराला लागते, तुम्ही उतरून सात-आठ तासांत एक आख्खं शहर बघता, आणि संध्याकाळी बोट सुटते. कुणासाठी थांबत नाही.

"कुणासाठीच नाही?" उल्कामावशीनं विचारलं होतं.

"कुणासाठीच नाही."

"मग तालीम घ्यावी लागेल," ती म्हणाली.

उल्कामावशी माझ्या आईची मैत्रीण. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सालमियात राहते, आणि अठरा वर्षं मराठी मंडळाची नाटकं बसवतेय. रंगीत तालमीशिवाय तिनं आजवर हळदीकुंकूसुद्धा केलेलं नाही. पण या वेळची तालीम हौसेची नव्हती. ती अरुणकाकांसाठी होती.

अरुणकाका म्हणजे मावशीचे यजमान. एकोणतीस वर्षं शुवैख बंदराजवळ एका शिपिंग कंपनीत खलाशांचे कागदपत्र बघत बसले. खिडकीतून रोज बोटी दिसायच्या, पण एकीवरही कधी चढले नाहीत. मे महिन्यात त्यांचा इकामा संपतो, म्हणजे कुवेतचा मुक्काम संपतो, आणि ही जोडी पुण्याला परत जाते. त्याआधी एकदा बोटीवर चढायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. पण सप्टेंबरात त्यांना मेंदूचा एक छोटा झटका येऊन गेला. बरे झाले, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगीही दिली. फक्त मध्येच कधीतरी ते थांबतात. एकदा घराखालच्या केकच्या दुकानासमोर पाऊण तास उभे होते. कुठे जायचं होतं ते आठवायची वाट बघत होतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"इथे केकवाला ओळखीचा होता," मावशी मला म्हणाली. "नेपल्सला कोण ओळखणारे?"

प्रवाशांची नावं पक्की करायची शेवटची तारीख रविवार होती. तालीम शुक्रवारी. काका वेळेवर बोटीवर परत आले तर तिघंही जाणार, तिसरी त्यांची मुलगी अक्षरा. नाही आले तर कोणीच नाही. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नवी टोपी घातली.

बोट म्हणजे गफूरभाईंची चौदा सीटची मिनीबस. कॅप्टन गफूरभाई. मी सहलीचा गाइड. खऱ्या गाइडच्या हातात आकडा लिहिलेली काठी असते, माझ्या हातात बॅडमिंटनची रॅकेट होती आणि तिच्यावर सातचा आकडा चिकटवला होता. खऱ्या बोटीवर चढता-उतरताना कार्ड दाखवलं की मशीन वाजतं. इथे सिव्हिल आयडी, म्हणजे कुवेतचं ओळखपत्र, दाखवायचा आणि दारात उभ्या अक्षरानं तोंडानं 'टिंग' म्हणायचं. अक्षरा सतरा वर्षांची. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती टिंग म्हणायची. मशीनला याहून जास्त भावना असतात.

"धिस इज सो एम्बॅरसिंग," ती म्हणाली.

"मशीन बोलत नाही," मावशी म्हणाली. मग तिनं काकांचा फोन काढून घेतला. "तिथे चालणार नाही. समजा बंद पडलाय."

काकांनी फोन दिला. पैशांचं पाकीट स्वतःकडे ठेवलं.

शुक्रवारची नमाज आटोपून गफूरभाई आले आणि बार्सिलोना, म्हणजे सालमिया, सोडलं. पहिलं बंदर रोम. रोम जाब्रियात ठरलं होतं, कारण काकांचा दवाखाना तिथे आहे आणि रोमला काही झालंच तर हाताशी डॉक्टर बरा. आता खरं रोम बंदरापासून दीड तासावर आहे. जाब्रियाला पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तेव्हा गफूरभाईंनी एकाच राउंडअबाउटला अकरा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला एका पोलिसानं आमच्याकडे बघितलं. नवव्या फेरीला त्यानं बघणं सोडून दिलं.

रोममध्ये मी दवाखान्यासमोरचं मजल्यांचं पार्किंग कोलोसियम म्हणून दाखवलं. गोल नव्हतं, पण आत भांडण चालू होतं. काका अर्धा तास एकटे फिरून सहा मिनिटं आधीच परत आले. टिंग. मावशीनं वहीत बरोबरची खूण केली आणि सगळ्यांना थालीपीठ वाढलं, कारण बोटीवर जेवण फुकट असतं आणि ते सोडायचं नसतं.

"वहिनी, अरुणभाई पास होतात बघा," गफूरभाई म्हणाले.

"अजून नेपल्स आहे."

नेपल्स म्हणजे फरवानिया. मी माहितीपत्रकात नेपल्सबद्दल लिहिलंय, की गोंगाट, गल्ल्या, बाल्कन्यांमधून वाळत घातलेले कपडे, आणि खिसा सांभाळा. मी हे लिहिलं तेव्हा माझ्या ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. शुक्रवारी दुपारी सगळ्यांना एकदम सुट्टी असते, आणि सगळे एकदम फरवानियात येतात. घरी पैसे पाठवायच्या एक्स्चेंजसमोर रांगा, न्हाव्यांच्या दुकानांत रांगा, बसस्टॉपवर रांगा. तिथे सुटलेला माणूस शोधायचा तर आधी रांग लावावी लागेल.

बोट तीन तीसला लागली. सुटायची वेळ चार दहा. "चाळीस मिनिटं," मावशी काकांना म्हणाली. "बोट इथेच, या फार्मसीच्या बाजूला. आणि इथून पुढचं बंदर सालमिया, शेवटचं. लक्षात राहील?"

"राहील," काका म्हणाले, टोपी सारखी केली आणि गर्दीत गेले.

चार वाजता मी आणि मावशी चढलो. टिंग, टिंग. चार पाचला अक्षरानं स्वतःलाच टिंग केलं. चार दहाला चौथं टिंग झालं नाही.

"पाच मिनिटं बघू की," गफूरभाई म्हणाले.

"नेपल्सचा कॅप्टन बघणार आहे का?"

"तो कशाला बघेल. त्याची काय ओळख आहे अरुणभाईंशी."

"मग सोडा बोट."

गफूरभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी रॅकेटकडे पाहिलं. बोट सुटली.

पहिल्या सिग्नलला अक्षरानं मागच्या काचेतून वाकून बघितलं. दुसऱ्या सिग्नलला मावशीनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं. तिसऱ्या सिग्नलला ती म्हणाली, "वळवा."

एवढ्या मोठ्या जहाजाला समुद्रात वळायला किती जागा लागते ते मला माहीत नाही. गफूरभाईंना दोन लेन आणि तीन जणांच्या शिव्या लागल्या.

फार्मसीच्या बाजूला काका नव्हते. आम्ही पांगलो. मावशी न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि तिला मी हिंदीत विचारताना ऐकलं, "भाईसाब, टोपीवाले, चश्मेवाले, बहुत शांत ऐसे देखे क्या?" न्हाव्यानं आरशासमोरच्या पाचही माणसांकडे हात केला. पाचही जण शांत होते. दोघांना चष्मा होता.

मी रस्त्याच्या मधोमध उंच जागी रॅकेट वर धरून उभा राहिलो. सातचा आकडा दिसला की काका येतील, असा हिशोब. दहा मिनिटांनी मागे बघितलं तर माझ्यामागे सहा माणसांची रांग लागली होती. पहिल्यानं मला विचारलं, काय मिळतंय. मी म्हणालो, काही नाही. त्यानं ते मागच्याला सांगितलं. मागचा म्हणाला, थांबून बघू.

एरवी मला याचं हसू आलं असतं. पण पाऊण तास होत आला होता, आणि मावशी रस्ता ओलांडताना गाड्यांकडे बघत नव्हती. अठरा वर्षांत तिला मी एकदाही संवाद विसरताना पाहिलं नव्हतं. आता ती एका फळवाल्यासमोर उभी राहिली, त्याला काकांचा फोटो दाखवला, आणि पुढे काय विचारायचं ते तिला सुचेना. नुसताच फोटो धरून उभी. फळवाल्यानं तिला बसायला खोकं दिलं.

अक्षरा धावत आली. "आई, तू का सोडलंस त्यांना? तालीमच होती ना? खरं थोडीच होतं?" तिच्या तोंडून सलग इतकं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं.

गफूरभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "धैर्या, पोलिसात जाऊया. माझी चूक. गाडी माझ्या हातात होती."

तेवढ्यात मावशीच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं स्वतःचा काढला, तो गप्प होता. वाजत होता तो काकांचा. अनोळखी नंबर. तिनं स्पीकरवर घेतला.

"हॅलो, हा अरुणचा फोन ना? मी अरुणच बोलतोय."

मावशी खोक्यावर बसलीच होती. ती आणखी बसली.

"कुठे आहात तुम्ही?"

"बार्सिलोनाला. बोट अजून आली नाही. सगळं ठीक आहे ना? काळजी वाटली म्हणून फोन केला."

आम्ही सालमियाकडे निघालो. अक्षरानं उरलेली चारही थालीपीठं संपवली. गफूरभाई मध्येच स्वतःशी हसायचे आणि स्टिअरिंगवर थोपटायचे. माझे हात दुखायला लागले तेव्हा कळलं की मी रॅकेट अजून वरच धरलीय.

काका समुद्रालगतच्या कठड्यावर एका मासे धरणाऱ्या इजिप्शियन माणसाशेजारी बसले होते. फोन त्याचा होता. मावशी उतरली, चालत गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बसनं आलो," काका म्हणाले. "तीनशे फिल्स. जागा मिळाली नाही."

"वेळेवर का नाही आलात?"

"एका दुकानासमोर थांबलो. मग फार्मसी कुठल्या बाजूला ते कळेना. आठ-नऊ मिनिटं गेली असतील. चार म्हणालो असतो, पण तू तपासशील."

"घाबरलात?"

"हो. मग आठवलं, आपल्या ऑफिसात असे किती यायचे. बोट सुटलेली पोरं. फिलिपिनो, मंगळूरचे, एक तर चिपळूणचा होता. रडतच यायचे. सगळ्यांना आधी बोटीमागे पळायचं असायचं. मी म्हणायचो, चहा घ्या. बोट आता सापडत नाही. पुढचं बंदर कुठलं ते सांगा." ते तिच्याकडे वळले. "ते तू सांगून ठेवलं होतंस."

मावशीनं त्यांची टोपी नीट केली. ती नीटच होती. मग तिनं जोरात नाक ओढलं आणि वही उघडली.

मी हळूच विचारलं, "मावशी, काका पास?"

"नापास," ती म्हणाली. "वेळेवर आले नाहीत. नियम म्हणजे नियम."

काकांनी मान हलवली. त्यांना मान्य होतं. अक्षरा काही बोलायला गेली, गफूरभाईंनी तिला हातानं थांबवलं.

"बोटही नापास," मावशी म्हणाली. "परत फिरली. गाइडनं भलतीच रांग लावली. मी तर..." तिनं पुढचं वाक्य सोडून दिलं. "आख्ख्या गावात योग्य बंदराला एकच माणूस पोचला. नावं घाल तू आमची."

इजिप्शियन माणसाला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यानं काकांच्या पाठीवर थाप मारली आणि आम्हाला दोन मासे दिले. मावशीनं ते घेतले. बोटीवर जेवण फुकट असतं.

रविवारी सगळे ऑफिसात आले. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: बंदरावर उतरल्यावर मदत लागणारा प्रवासी. मी तो रकाना दाखवायचा टाळत होतो. काकांनी स्वतःच पेन घेतलं आणि सावकाश आपलं नाव लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. मावशीनं ते उचललं आणि त्याच्याखाली आपलं नाव लिहिलं. गफूरभाईंनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

दोन दिवसांनी क्रूझ कंपनीचं पत्र आलं. दोन्ही प्रवाशांना मदत मिळेल, पण नियमाप्रमाणे प्रत्येकासोबत एक सांभाळणारी व्यक्ती लागते. या दोघांपैकी कोण कुणाला सांभाळणार आहे, ते कळवा.

मी मावशीला फोन केला. ती बँकेत होती, मागे कुणीतरी मोठ्यानं भांडत होतं. प्रश्न ऐकून ती म्हणाली, "आलटून पालटून, असं लिही."