पुलाच्या सावलीतली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, आणि मला पुलाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर तुम्ही बिचकणार नाही.

माझा जन्म याच काठावर झाला. एका सुताराने जाड फळ्या जोडल्या, फटींत डांबरात भिजवलेला काथ्या ठोकला आणि मला पाण्यात लोटलं. मग वाकून माझ्या पोटात हात फिरवला आणि म्हणाला, "थेंब नाही आत. ठणठणीत कोरडी!" तेव्हा मी एवढी फुगले की बुडायचंच बाकी होतं.

माझ्या नावाड्याला सगळं गाव लांबणकाका म्हणायचं. कारण काय, तर त्यांना थोडक्यात बोलता येत नसे. अलीकडच्या काठावर बाजार, पलीकडे शाळा आणि दवाखाना. त्यामुळे बाजाराच्या पाट्या, शेळ्या, शिलाई मशीन, नवी नवरी, तापाने फणफणलेली पोरं, सगळ्यांना मीच नेलं. आणि प्रत्येक फेरीला काका एकच गोष्ट सांगायचे.

नदीच्या मधोमध एक काळा खडक आहे. फार पूर्वीच्या एका पुरात, घरोघरचे कपडे धुणारी एक म्हातारी त्यावर अडकली. धुकं असं दाट की समोरचं काही दिसेना. वरून माणसांनी भरलेल्या नावा वेगाने येत होत्या, आणि हा खडक त्यांच्या वाटेत. म्हातारीचा आवाज मुळातच क्षीण. मग तिने कपडे धोपटायचं लाकूड उचललं आणि खडकावर आपटत राहिली. नावाड्यांनी आवाज ऐकला, नावा वळवल्या, सगळे वाचले. म्हातारीला न्यायला माणसं परत आली तेव्हा खडकावर पाणी चढलं होतं.

इथे काका वल्ही थांबवायचे. "आता ऐका," म्हणायचे. खडकातल्या पोकळीत पाणी शिरायचं आणि आवाज यायचा, थप, थप, थप. रडणारं मूलसुद्धा गप्प व्हायचं. वाऱ्याने मी पुढे सरकले आणि गोष्ट अर्धीच राहिली, तर काका मला सरळ मागे वळवायचे.

"अहो काका, पोस्ट बंद होईल ना!" कुणीतरी वैतागायचं.

"पोस्ट उद्या उघडेल. म्हातारी आत्ता अडकलीय."

मित्रांनो, गोष्ट काकांची, आवाज नदीचा, पण बसायला जागा माझी होती. मला वाटायचं, ती गोष्ट माझीच आहे.

मग पूल आला. त्याचे पाय माझ्या नदीत रोवले गेले. फीत कापली, भाषणं झाली, माणसं त्याच्या कठड्याला टेकून फोटो काढू लागली. माझ्याबरोबर कुणी कधी फोटो काढला नव्हता. संध्याकाळी त्याच्यावर दिवे लागायचे आणि त्यांचं प्रतिबिंब पाण्यात पडायचं, म्हणजे पाणीही त्याचंच झालं. "चुटकीसरशी पलीकडे!" म्हणत लोक सायकली दामटायचे. खडकाकडे बघायला सवड कुणाला? मला काठावर ओढून उपडं घातलं, तेही नेमकं त्याच्याच सावलीत.

एक समाधान तेवढं होतं. काकांनी पुलावर पाऊल टाकलं नाही. दवाखान्यात जायची वेळ आली तरी ते लांबच्या उतारातून, गुडघाभर पाण्यातून जायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून घ्यायच्या. मी मात्र मनातून सुखावायचे.

त्या दवाखान्यात काकांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ही बातमी ग्रंथालयातल्या बाईंच्या कानावर गेली. त्या गावातल्या जुन्या गोष्टी जमवत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्या रेकॉर्डर घेऊन काकांच्या काठावरच्या घरातल्या खोलीत हजर. खोलीची खिडकी माझ्याच बाजूला उघडते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. मुठीएवढं ते यंत्र, पण मान केवढा! त्याच्यासाठी पंखा बंद केला, शेजारच्या गिरणीला थांबायला सांगितलं. माझ्यासाठी कधी कुणी काही थांबवलं होतं का?

काका बोलू लागले आणि अडखळले. वल्ह्यांविना हात नुसतेच पुढेमागे होत होते. कसेबसे शेवटाला आले, म्हणाले, "आता ऐका." आणि थांबले. खोलीत काहीच वाजलं नाही. एक माशी तेवढी भुणभुणत होती.

"काका, पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढे मी नाही बोलत. पुढे नदी बोलते." काकांचे डोळे भरून आले. "इथून नाही व्हायचं हे. होडी काढा."

मित्रांनो, त्या क्षणी मी पुलाकडे कसं पाहिलं असेल, सांगायला नको! चार जणांनी मला सुलटं केलं, ढकलत पाण्यात नेलं. पण उन्हाने माझ्या फळ्या आकसल्या होत्या, काथ्या गळून गेला होता. काका पाय ठेवतात न ठेवतात तोच चहूकडून पाणी आत आलं. सुताराच्या मुलाने बोट घातलं तर फळीचा भुगाच हातात आला.

"बूड गेलंय काका. दुरुस्तीला दोन महिने तरी हवेत."

ऑपरेशन तर दोन दिवसांवर होतं. तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, पुलावर चला ना. खडक बरोबर त्याच्या खाली येतो."

"मी नाही जायचा."

"हिला वाईट वाटेल म्हणून?" काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "मेली लाकडाची ती. आणि त्या म्हातारीचं काय? तिला परत तिथेच टाकून येणार तुम्ही?"

काका बराच वेळ माझ्या काठावर हात ठेवून उभे राहिले. मी मनात म्हणत होते, जाऊ नका. ते गेले.

पुलाच्या दोन्ही तोंडांशी बाईंनी माणसं उभी केली, वाहनं अडवली. मधोमध कठड्याला धरून काका बोलू लागले आणि या वेळी अडखळले नाहीत. हळूहळू बाजारातली माणसं चढून आली, शाळा सुटलेली मुलं आली. "आता ऐका," काका म्हणाले, आणि तो आवाज खालून वर गेला. पुलाच्या पोटाशी घुमून तो माझ्या वेळेपेक्षा मोठा झाला. खोटं कशाला बोलू? तिथे गोष्ट जास्त रंगली. माझा जळफळाट झाला.

ऑपरेशन झालं. काका वाचले. आवाज गेला. आता शाळेची मुलं पुलावर येतात तेव्हा काकू गोष्ट सांगतात. त्यांच्या गोष्टीतली म्हातारी आधी नदीला चार शिव्या घालते, मग लाकूड उचलते. शेजारी उभे असलेले काका हातवारे करून नाही नाही म्हणतात आणि मुलं खो-खो हसतात. मीही खालून रागावते, पण एक शब्द चुकवत नाही.

मित्रांनो, माझं लाकूड आता फार दिवसांचं नाही. मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याही गावात कुणाच्या तरी गळ्यात अशी एखादी गोष्ट असेल. तिच्या जागी जाऊन ती ऐका आणि दुसऱ्याला सांगा. डॉक्टरांनी तारीख देईपर्यंत वाट बघू नका. आणि पुलावरून जाताना कधीतरी खाली, सावलीतही बघा. हेवा करणाऱ्यालाही कुणी आपल्याकडे पाहिलेलं आवडतं.