पिवळ्या अर्जावरची सही

"या वर्षी नऊच आहेत," म्हणत मुख्याध्यापक व्हिटलॉकनी यादी टेबलावरून पुढं सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. एरवी यादी देताना ते हसायचे. आज बाहेर बघण्यासारखं काय होतं? काळा पडलेला बर्फाचा ढीग, बास.

शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या व्हर्लीन पेटवेनं यादी हातात घेतली. आठ नावं वाचेपर्यंत तिचं डोकं नेहमीसारखंच चाललं होतं. कुणाची आई दुपारपाळीला असते, कुणाला आधी फोन लावायचा. नववं नाव होतं जोनेल पेटवे.

तिचीच पोरगी.

"सर, ही तर..."

"माहितीये मला. म्हणून तर आत बोलावून सांगतोय. गणितात छत्तीस आहेत तिला, व्हर्लीन. राज्याच्या परीक्षेत काय दिवे लावणार, तुम्हीच सांगा." मग आवाज एकदम मऊ. "ही शिक्षा नाहीये हो. ही दुसरी संधी आहे. वस्तीतली पोरं जातात त्या शाळेत पोरगी फुलेल."

व्हर्लीनला हसूच फुटणार होतं. हे वाक्य तिचं होतं! अकरा वर्षांपूर्वी तिनंच जुळवलं होतं ते, आया फोनवर रडायला लागल्या की म्हणायला.

शाळा सरकारीच, पण निवडक पोरांची. लोक तिला मॅग्नेट म्हणायचे, लोहचुंबक. अख्ख्या शहरातली हुशार पोरं ओढून घेते म्हणून. लोहचुंबकाचं दुसरं टोक ढकलतं, ते कुणी बोलायचं नाही. इमारत काळ्यांच्या वस्तीत, व्हर्लीनच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. पण सकाळी दारात गाड्या लागायच्या त्या लांबच्या, हिरवळवाल्या बंगल्यांकडच्या. वस्तीतली बहुतेक पोरं समोरच्या थांब्यावरून बस पकडून दुसऱ्या शाळेत जायची. प्रवेशाला आधी मार्क बघायचे, मग चिठ्ठ्या काढायचे. जोनेलची चिठ्ठी निघाली त्या दिवशी व्हर्लीन हातात झारा घेऊन स्वयंपाकघरात नाचली होती.

शाळेत शिरल्या शिरल्या एक फळा होता, प्लास्टिकचे आकडे खोचायचा. एकूण विद्यार्थी ६२०. गोरे इतके, आशियाई इतके, काळे २३ टक्के. आणि सगळ्यात वर, मोठ्या आकड्यांत, निकाल. ९७. पाहुणे आले की त्या फळ्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. आकडे बदलायचं काम व्हर्लीनचं.

तो ९७ यायचा कसा, तेही तिलाच ठाऊक. एक मार्चला पोरगं ज्या शाळेच्या पटावर, त्या शाळेच्या निकालात त्याचे मार्क. म्हणून फेब्रुवारी संपता संपता कच्ची पोरं पटावरून उतरवायची. हाकलायचं नाही हां. पालकांनी स्वतःहून बदली मागायची, पिवळ्या अर्जावर. अर्जाच्या मागं बारीक अक्षरात एक ओळ होती: पालकांची सही नसेल तर बदली होणार नाही. अकरा वर्षांत एकाही आईनं कागद उलटून बघितला नाही. आणि व्हर्लीननं कुणाला उलटून दाखवला नाही.

"सोमवारपर्यंत द्या," व्हिटलॉक म्हणाले.

व्हर्लीन जागेवर येऊन बसली. तिचं तिथल्या तिथं ठरलं होतं. सही करायचीच नाही. काय वाकडं करतील? मग तिनं फोन उचलला आणि उरलेल्या आठ घरी लावला. "ही शिक्षा नाही, ताई. ही दुसरी संधी आहे."

चार वाजेपर्यंत आठही पालक सह्या करून गेले. एक आई कामावरून तशीच धावत आलेली, अंगात बेकरीचा झगा. जाताना व्हर्लीनचा हात धरून म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरंय, मिस व्हर्लीन. नाहीतर आम्हाला कोण विचारतंय?"

शुक्रवार होता, म्हणजे घरी मासे. व्हर्लीन मक्याच्या पिठात घोळवून एकेक तुकडा तेलात सोडत होती. जोनेल टेबलावर पाय टाकून बसलेली.

"पाय खाली घे. आणि ऐक. यादीत तुझं नाव आलंय."

जोनेलचे पाय खाली आले.

"घाबरू नको. मी सही करत नाहीये. सही नसली की कुणाच्या बापाला हलवता येत नाही तुला. मागं लिहिलंय तसं."

"सही नाही केली तरी चालतं?"

"हो."

"कुणालाही?"

व्हर्लीननं मासा उलटला.

"ममा, टॅव्हियाच्या आईला सांगितलं होतंस हे?"

टॅव्हिया जोनेलची जिवाची मैत्रीण. गेल्या फेब्रुवारीत पिवळा अर्ज, दीड महिन्यात नवी शाळाही सुटली. आता हायवेकडच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी घड्या घालते.

"ते काम आहे माझं, जोनेल."

"मग मी कोण?"

"तू माझी पोरगी."

"आणि ती काय झाडाला लागली होती?"

तेल तडतडत होतं. जोनेलनं हळू आवाजात विचारलं, "आज किती जणांना बोलावलंस?"

"आठ."

"त्यांना परत सांग ना मग."

"झाल्या सह्या. कागद वर गेले. आता काही परत येत नाहीत."

जोनेल उठली, आईची पर्स उघडली, पिवळा कागद काढून ताटाशेजारी ठेवला. त्यावर पेन.

"कर सही."

"डोकं फिरलंय का तुझं? त्या शाळेत काय चालतं माहितीये ना?"

"का? आठ जणांना तर सांगितलंस, पोरं फुलतात म्हणून." तिनं पेन आईकडं सरकवलं. "मी नाही बसणार त्या वर्गात. मला दिसणार ना रोज, कोणकोणती बाकं रिकामी झाली ते. सही कर, नाहीतर सोमवारपासून कुठंच जाणार नाही मी. कुठल्याच शाळेत नाही."

मासा करपल्याचा वास घरभर झाला. कुणी गॅस बंद केला नाही.

शेवटी व्हर्लीननं सही केली. कुठलीतरी शाळा तरी राहील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अर्जावर सह्यांच्या दोन जागा होत्या. एक पालकाची. दुसरी कार्यालयाची, साक्षीदार म्हणून: पालकांना सगळं समजावून सांगितलं आहे. दोन्हीकडं तिनं आपलंच नाव लिहिलं.

सोमवारी व्हिटलॉक म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं."

एक मार्चला सकाळी व्हर्लीन आकड्यांचा डबा घेऊन फळ्यापाशी उभी राहिली. ६२० चे ६११ केले. मग काळ्या पोरांचा आकडा. नऊतली सात आपलीच होती. २३ मधला तीन काढला.

दाराच्या काचेतून समोरचा थांबा दिसत होता. जोनेल टोपी ओढून उभी होती, इमारतीकडं पाठ करून. बस आली, थांबली, निघून गेली. जोनेल तिथंच होती. थोडा वेळ थांबून ती हायवेच्या दिशेनं चालू लागली, सावकाश, खिशात हात घालून.

मागं पहिली घंटा झाली. व्हर्लीननं डब्यातून दोन शोधला आणि तीनच्या जागी खोचला. जरा वाकडा बसला. तिनं अंगठ्यानं दाबून तो सरळ केला.